पांढरा दिवा कधी लागावा

परशरामअण्णांचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर आहे. पुढच्या खोलीत चार पॉवरलूम, मागं स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत अक्काताई, म्हणजे त्यांची बायको, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत बसलेल्या असतात. पंधरा वर्षांपूर्वी शाळेच्या नोकरीमुळं मी वडगावात राहायला आले, तेव्हा पहिला आठवडाभर मागांच्या आवाजानं माझं डोकं दुखत होतं. आता उलट झालंय. सुट्टीत माहेरी सांबऱ्याला गेले की तिथल्या शांततेत दुपारची झोप लागत नाही.

अण्णांनी सोळाव्या वर्षी मागाला हात लावला. आता ते एकोणसाठचे आहेत. पूर्वी चार मागांकडं पाठ करून बसलेले असले तरी कुठल्या मागावर धागा तुटलाय ते आवाजावरून सांगायचे. पन्नाशी उलटल्यावर ते कमी होत गेलं. आधी फोनची रिंग ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. पण ऐकू येत नाही असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. समोरचा बोलायचा थांबला की ‘व्हय, व्हय’ म्हणायचे. लोकांना वाटायचं, माणूस मितभाषी आहे. आणि विणकरांच्या घरात हे लपून राहणं अवघड नसतं. माग चालू असताना सगळेच हातवारे करून आणि ओठांकडं बघून बोलतात. तिथं ज्याला ऐकू येतं तोही बहिऱ्यासारखाच वागतो.

नवराबायकोचं खरं बोलणं व्हायचं ते मोटरसायकलवर. त्यांची मुलगी दिपाली निपाणीला दिलेली. जावई तिथं तंबाखूच्या वखारीत कामाला. दर एक रविवार सोडून हे दोघं सकाळी गाडीवरून निपाणीला जायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. अक्काताई मागं बसून, तोंड नवऱ्याच्या कानाजवळ नेऊन, पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं बोलायच्या. काकती, होनगा, हत्तरगी, संकेश्वर, सगळ्या रस्ताभर. अण्णा मधूनमधून मान हलवायचे.

ती जुनी गाडी वीस वर्षं चालली. शेवटी तिचे पार्ट मिळेनात, म्हणून गेल्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांनी नवी घेतली. शोरूममधल्या पोरीनं त्यांना गाडीसमोर उभं करून दहा मिनिटं समजावलं. डिस्प्लेवर बोट ठेवून, बटणं दाबून, कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये. अण्णा तिच्या ओठांकडं बघायला गेले, तर तिच्या तोंडावर मास्क. ते म्हणाले, “व्हय, व्हय.”

जुनी गाडी अण्णांना कानानं ऐकावी लागत नव्हती. ती इतकी थरथरायची, की दुसरा गिअर आहे की तिसरा हे पायाच्या तळव्याला कळायचं. नवी गाडी लोण्यासारखी चालायची. अण्णांना काहीच कळेना. ते पहिल्याच गिअरमध्ये गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, इंजिन किंचाळायचं, लोक वळून बघायचे, आणि अण्णांना वाटायचं नवी गाडी बघतायत. एकदा डाव्या बाजूचा इंडिकेटर चालूच ठेवून ते खासबागेपर्यंत सरळ गेले.

मग तो येळ्ळूर रोडवरचा प्रसंग झाला. रस्त्याकडेला गाडी साइड स्टँडवर लावून त्यांनी ऊस घेतला. परत बसून गाडी सुरू केली, गिअर टाकला, गाडी बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. दहा-बारा वेळा तसंच. शेवटी उन्हातून ढकलत ढकलत मेस्त्रीकडं नेली. मेस्त्रीनं गाडीकडं एकदा पाहिलं आणि खाली राहिलेला साइड स्टँड पायानं वर केला. गाडी लगेच सुरू झाली. मेस्त्री काहीतरी बोलला आणि तिथं बसलेली दोन माणसं हसली. काय बोलला ते अण्णांना ऐकू आलं नाही. हसणं मात्र दिसलं.

घरी येऊन त्यांनी गाडीवर कापडाचा एक जुना तुकडा टाकला आणि तिला हात लावायचं सोडलं.

पुढचा रविवार निपाणीचा होता. अण्णा निघेनात. माग बंद होते, घर शांत होतं. अक्काताई स्वयंपाकघरात त्यांच्या समोर येऊन बसल्या आणि विचारलं, “गाडीवर जायाचं न्हाय, एस्टीनं जायाचं न्हाय, तुमचं काय बिनसलंय ते तरी सांगा.”

समोरासमोर आणि शांततेत असलं की अण्णांना थोडंफार कळायचं. ते म्हणाले, “मला ऐकू येईत न्हाय.”

“ते म्हाईत हाय मला. जरा मोठ्यांदा बोलावं लागतंय.”

“तसं न्हवं. गाडीवर तू बोलतीस ते कायबी ऐकू येईत न्हाय. लई दिवस झाले.”

“किती दिवस?”

अण्णांनी चार बोटं दाखवली. अक्काताईंना आधी वाटलं, चार महिने. अण्णांनी मानेनं नाही म्हटलं. चार वर्षं.

अक्काताईंनी विचारलं, “मग तवंदी घाट उतरल्यावर दिपालीचं सांगितलं, ते?”

“दिपालीचं काय?”

त्या तशाच उठल्या, पदर सावरला आणि रस्ता ओलांडून माझ्याकडं आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दिपालीला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. दिपाली वडिलांना आप्पा म्हणते. ती आईला म्हणाली होती, “आप्पांना तूच सांग, मला जमणार नाही.” अक्काताईंनाही तोंडावर बोलणं जमेना. म्हणून परत येताना गाडीवर, नवऱ्याच्या पाठीला टेकून त्यांनी ते सांगितलं. सांगताना रडल्याही. अण्णा म्हणाले, “व्हय, व्हय.” आणि थोड्या वेळानं मागं वळून विचारलं, “संकेश्वरात भजी खाऊया काय?”

“दोन वर्सं मनात राग धरून बसलेली मी, बाई,” अक्काताई म्हणाल्या. “वाटलं, किती कोरडा माणूस हाय. दिपालीपण तेच धरून बसलीया. आप्पा एका शब्दानं बोलले न्हाईत म्हणून. आन् माझं एवढं सगळं बोलणं गेलं तरी कुटं? वाऱ्यावर?”

मी म्हटलं, “आता सांगा ना त्यांना.”

“सांगीन,” त्या म्हणाल्या. “आज नको. आज मलाच उमगंना झालंय.”

तीन-चार दिवसांनी दुपारी लाइट गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. अण्णा माझ्या दारात उभे होते. हातात गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक. “बाई, हे विंग्रजीत हाय. जरा वाचून सांगाल?” असं म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. वाचून सांगितलं तर त्यांना कुठलं ऐकू येणार होतं? मग मी शाळेतली एक चौकटीची वही काढली आणि मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. मला स्कूटरसुद्धा धड चालवता येत नाही. पण इंग्रजी वाचून मराठीत लिहायचं एवढंच काम होतं. मी एक पान लिहायची, अण्णा ते घेऊन समोरच्या अंगणात गाडीवर बसायचे, करून बघायचे आणि पुढच्या पानासाठी परत यायचे. असे तीन दिवस गेले.

पहिल्या दिवशी त्यांना आकडा सापडला. डिस्प्लेच्या उजव्या कोपऱ्यात गिअरचा आकडा यायचा. एक, दोन, तीन. इतके दिवस तो डोळ्यांसमोर होता, पण अण्णांना ते घड्याळातलं काहीतरी वाटायचं. त्याच दिवशी साइड स्टँडचं लाल चित्र सापडलं. स्टँड खाली असला की ते लागायचं. अण्णांनी स्टँड वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग मला म्हणाले, “मेस्त्रीला कळलं, ते मलाबी कळलं असतं की. हितं लिवलंय.”

दुसऱ्या दिवशी त्यांना पेट्रोल किती किलोमीटर पुरेल ते कळलं, इंडिकेटरचे हिरवे बाण कळले. जेवायच्या वेळी अक्काताई दारातून हाका मारत होत्या आणि अण्णा गाडीवर बसून एकेक बटण दाबत होते. लग्नात मिळालेल्या नव्या घड्याळाला किल्ली देताना चेहरा जसा होता, तसाच झाला होता, असं अक्काताई म्हणाल्या.

पुस्तकाच्या शेवटी एक बारीक अक्षरातलं पान होतं. दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की आतली एक यादी उघडते, आणि तिथं पांढऱ्या दिव्याची जागा ठरवता येते, असं त्यात होतं. इंजिन ठरावीक वेगाच्या वर गेलं की तो दिवा लुकलुकणार. म्हणजे, आता पुढचा गिअर टाका. किती वेगावर लुकलुकायचं ते आपण ठरवायचं. शोरूममधून तो फार वरच्या वेगावर लावून आला होता, त्यामुळं अण्णांच्या गाडीवर तो कधी लागलाच नव्हता.

मी ते लिहून दिलं. अण्णांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, “तिला जरा बोलवा.”

अक्काताई ओल्या हातांनी बाहेर आल्या. अण्णा गाडी मधल्या स्टँडवर लावून बसले होते. म्हणाले, “जुनी गाडी आठव. मी गिअर कवा बदलायचो, तवाचा आवाज तुझ्या ध्यानात आसल. वीस वर्सं मागं बसलीयास. मी हळूहळू वाढवतो. आवाज तितवर आला की हात वर कर.”

अक्काताई माझ्याकडं बघून जरा हसल्या. मग त्यांनी डोळे मिटले. अण्णांनी हळूच मूठ फिरवली. आवाज चढत गेला. एका जागी अक्काताईंचा हात वर गेला. डिस्प्लेवर इंजिनाचे मिनिटाला साडेचार हजार फेरे दिसत होते. अण्णा म्हणाले, “परत.” दुसऱ्यांदाही तेवढेच. तिसऱ्यांदा अण्णांनी मुद्दाम झटकन वाढवलं, तरी हात बरोबर तिथंच वर गेला. अण्णांनी दोन्ही बटणं दाबून धरली, यादी उघडली आणि पांढरा दिवा साडेचार हजारांवर लावला.

त्या संध्याकाळी ते गल्लीत दोन फेऱ्या मारून आले. दिवा लागला की गिअर, दिवा लागला की गिअर. गाडी एकदाही किंचाळली नाही. अक्काताई कट्ट्यावर बसून ऐकत होत्या.

तिसऱ्या दिवशी फोन जोडायचं राहिलं होतं. ते काम मीच केलं. अण्णांचा फोन गाडीला जोडला, त्यांना खूण करून सांगितलं आणि घरी आले. अण्णा गाडी पुसत बसले. आत अक्काताईंनी चहा केला आणि सवयीनं फोन लावला. त्या दिवसातून तीन-चारदा लावायच्या. अण्णा कधीच उचलायचे नाहीत, मग शेजारचं कुणीतरी रिंग ऐकून त्यांना हात लावून सांगायचं. त्या दिवशी डिस्प्लेवर फोनचं चित्र लुकलुकलं आणि खाली इंग्रजी अक्षरांत आलं, ‘घर’. अण्णांनी फडकं ठेवलं, आत गेले आणि विचारलं, “बोलावलंस?”

अक्काताई मला नंतर म्हणाल्या, “फोन कानाला लावून तशीच उभी मी. हाक मारली आन् माणूस आला, असं किती वर्सांनी झालं असंल?”

त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा फोन घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, “बाई, ते घर काढा आन् तिथं नाव घाला.”

“कुणाचं?” मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

ते जमिनीकडं बघत राहिले. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. लग्नाच्या चौतीस वर्षांत त्यांच्या तोंडून ‘अगं’ आणि ‘तिला’ यापलीकडं काही मी काय, कुणीच ऐकलं नसेल. शेवटी त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलीनं लिहिलं, ‘अक्काताई’. मी ते इंग्रजीत फोनमध्ये घातलं. डिस्प्लेवर ओळखता यावं म्हणून अण्णांनी अक्षरं मोजली आणि समोरच्या घराकडं निघून गेले.

याच दरम्यान ते कान तपासायला कबूल झाले. डॉक्टरांनी सांगितलं, मागांच्या आवाजानं कान गेलेत, गेलेलं परत येणार नाही, पण यंत्रानं शांत जागी समोरच्याचं ऐकू येईल. हेल्मेटमध्ये मात्र ते यंत्र नुसतं शिट्ट्या मारायचं. म्हणून गाडीवर असताना ते खिशात ठेवायचं असं ठरलं. अक्काताईंना थांबायचं झालं तर त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवायचा, एवढंच. आणि बोलायचं ते गाडी थांबवून, खाली उतरून, यंत्र कानात घालून.

जानेवारीतल्या एका रविवारी ते दोघं निपाणीला निघाले. अक्काताई थोड्या भ्यालेल्या होत्या. हायवेवर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ह्यांना कळणार नाही, म्हणून. अण्णा डाव्या बाजूनं, दोन्ही आरशांत बघत, सावकाश चालवत होते. वंटमुरीच्या पुढं एकदा चहासाठी थांबले, हत्तरगीला थांबले, संकेश्वरात थांबले. प्रत्येक ठिकाणी अक्काताई थोडं बोलल्या. भावाच्या घराचं, शेजारणीच्या गुडघ्याचं, असलं काहीबाही. खरं बोलायचं होतं ते त्या पुढं ढकलत होत्या.

तवंदी घाटाच्या अलीकडं एका टपरीपाशी त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांनी गाडी कडेला घेतली. बाकावर समोरासमोर बसल्यावर अक्काताईंनी दिपालीचं सगळं सांगितलं. पहिल्यापासून. दिपालीला कधी कळलं, दवाखान्यात कोण घेऊन गेलं, त्यानंतर ती किती दिवस जेवली नाही, सगळं. अण्णा यंत्रावर हात धरून ऐकत होते.

संपल्यावर त्यांनी विचारलं, “तवा तू सांगितलंस, त्याच्यावर मी काय म्हनलो?”

“भजी खाऊया काय, म्हनलासा.”

अण्णांनी हातातला चहाचा ग्लास बाकावर ठेवला. “आन् तू खाल्लीस?”

“खाल्ली की,” अक्काताई म्हणाल्या. “तुमच्याबरोबर बसून खाल्ली.”

मग अण्णा रडले. अक्काताई म्हणतात, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा असे रडले नव्हते. टपरीवाला बघत होता, पण त्यांनी बघू दिलं.

दिपालीच्या घरी पोचायला बारा वाजले. जावई वखारीत गेला होता. दिपाली भाकरी करत होती. अण्णा तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन खाली बसले. ती म्हणाली, “आप्पा, खुर्चीवर बसा की. हितं धग लागंल.”

“बाळ,” अण्णा म्हणाले, “मला तुझं आज कळलं.”

दिपालीनं आईकडं पाहिलं. आईनं स्वतःच्या कानाला हात लावला, मग चार बोटं दाखवली. दिपालीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं पिठाचे हात तसेच गुडघ्यावर ठेवले आणि बापाकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती अक्काताईंनी उतरवली.

“तुम्हाला सांगितलंय असं मला वाटलं,” दिपाली म्हणाली. “मला वाटलं, तुम्हाला माझा राग आलाय.”

“कशाचा राग, बाळ?” अण्णांनी विचारलं. मग म्हणाले, “नाव ठरवलं हुतं काय?”

दिपालीनं मान हलवली. पुढं होऊन तिनं बापाच्या यंत्राजवळ तोंड नेलं आणि ते नाव सांगितलं. अण्णांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. काय होतं ते अक्काताईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवशी ते परत आले नाहीत. दिपालीनं दोघांना ठेवून घेतलं. जावयानं संध्याकाळी अण्णांना बसस्थानकाकडं फिरायला नेलं आणि येताना त्यांच्या यंत्रासाठी बारीक सेल घेऊन दिले. सोमवारी दुपारी मी शाळेतून आले तरी समोरचे माग बंदच होते. चारच्या सुमाराला गाडी आली. अक्काताईंच्या हातात दिपालीनं दिलेल्या शेंगांच्या चटणीचा डबा होता, त्यातली अर्धी त्यांनी मला आणून दिली.

आता निपाणीला जायला त्यांना तीन तास लागतात. पूर्वी दोनसुद्धा लागत नव्हते. संकेश्वरचा चहावाला त्यांना ओळखायला लागलाय. दिपालीही आता बापाशी फोनवर बोलते, पण तिचा चेहरा दिसेल असा फोन करून, आणि माग बंद असतील त्या वेळी. अण्णांनी चारपैकी एक माग विकला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी अक्काताईंसाठी कानात घालायची रबरी बोंडं आणली आहेत. अक्काताई कुरकुरतात, कान बंद केले की आपण पाण्यात बसल्यासारखं वाटतं म्हणतात. अण्णा ऐकत नाहीत. सकाळी माग सुरू करायच्या आधी ते मधल्या खोलीत जातात, बायकोच्या दोन्ही कानांत बोंडं नीट बसली आहेत का ते बघतात, आणि मगच बटण दाबतात.